काटा वर जातो तेव्हा

आंबेनळी घाटात पोलादपूर जरा मागे पडलं आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला. वीस वर्षांची आमची डिझेल व्हॅन; आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, म्हणजे कायमचं ओझं. गाडी बाजूला घेतली, रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावला नाही. आत दाब असतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण फिरवलं की तेच पाणी तोंडावर उसळतं.

आधी एका गॅरेजात सांगितलं होतं, "थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह काढून टाका साहेब, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो!" मी ऐकलं, ही माझी चूक. थर्मोस्टॅट नसला की इंजिन सपाटीवर गारच राहतं, डिझेल जास्त पितं; आणि काही इंजिनांत थोडं पाणी रेडिएटरकडे न जाता परस्पर मागे फिरतं.

घरी आल्यावर नवा थर्मोस्टॅट आणला. बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगला, शेजारी थर्मामीटर धरला. अंगावर ८२ कोरलेलं. ८० पर्यंत ढिम्म. ८३ ला कडेशी केसाएवढी फट दिसली, ९५ पर्यंत तोंड पुरतं उघडलं. आतलं मेण वितळून फुगतं आणि दांडा ढकलतं. किती साधी, किती नेमकी वस्तू!

तरीही चढावर गाडी तापायचीच. सिग्नलला उभी असताना मात्र ठीक, म्हणजे पंख्यापेक्षा रेडिएटरवर संशय. थंड इंजिन झाकण काढून चालू केलं: पाण्यात बुडबुडे नाहीत, ऑइलची पट्टी दुधाळ नाही. हेड गॅस्केट शाबूत दिसलं, जीव भांड्यात पडला. मग गाडी तापवून बंद केली आणि रेडिएटरवरून तळहात फिरवला. वर चटका बसत होता. खाली उजवीकडे वीतभर पट्टा गार.

रेडिएटरवाल्याने टाकी उघडली. बंबात साचतो तसला पांढरा क्षार नळ्यांत गच्च बसलेला. वाटेत दिसेल त्या विहिरीचं, बोअरचं पाणी आम्हीच वर्षानुवर्षं ओतत आलो होतो. त्याने एकेका नळीतून सळी फिरवून ती मोकळी केली.

पुढच्या महिन्यात तोच घाट, तेच ओझं. महाबळेश्वरपर्यंत काटा मध्यावरून हलला नाही. गाडीत आता कूलंटचा एक डबा आणि डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन असतो. जुनी गाडी असेल तर तुम्हीही ठेवा.