वंगण वेळेवर, तर दाते जाग्यावर



गळीत हंगामात उसाचा ट्रॅक्टर वाटेत बंद पडला, तर नुकसान एकट्या ट्रॅक्टरवाल्याचे होत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळावा, असे आम्ही शेती विभागाची माणसे वारंवार सांगतो ते उगीच नाही. उन्हात उसाचे वजन घटते, साखरही कमी होते. दोन ट्रॉल्या भरून रस्त्यावर उभ्या राहिल्या की ज्याचा ऊस, त्याचा जीव टांगणीला लागतो. म्हणून यावेळी बेणे आणि खत बाजूला ठेवून जुन्या इंजिनाच्या वंगणाबद्दल लिहीत आहोत.

इंजिनातले गियर

गियर म्हटले की आपल्याला गियरबॉक्स आठवतो. पण जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनात पुढच्या झाकणामागेही गियर असतात. त्यांना मिस्त्री टायमिंग गियर म्हणतात. क्रँकचा गियर दोन फेरे फिरला की कॅमचा गियर एक फेरा फिरतो, म्हणून कॅमच्या गियरला दुप्पट दाते. व्हॉल्व्ह उघडणे आणि डिझेल पंप चालवणे ही कामे याच दात्यांवर चालतात. 1963 साली महिंद्र कंपनीने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी काढली. त्यांच्या बी-275 ट्रॅक्टरमध्ये अशीच रचना होती. हरिकेन इंजिनाच्या जुन्या पेट्रोल जीपमध्येही टायमिंग गियरच आहेत. त्यांच्यावर एका बारीक छिद्रातून तेलाची धार पडते. ते छिद्र गाळाने बुजले, तर चेंबरमध्ये तेल भरपूर असूनही दाते कोरडे राहतात.

दाते का झिजतात

दोन दात्यांच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो तोवर लोखंडाला लोखंड घासत नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करताना, किंवा ओझे ओढताना हा थर तुटतो. अशा वेळी तेलात मिसळलेले जस्त-फॉस्फरसचे औषध धातूवर बसून त्याला राखते. हे औषध दर तासाला थोडेथोडे खर्ची पडते. डिझेल इंजिनाचे तेल लवकरच काळे पडते, कारण ते काजळी धरून ठेवते. तेवढ्याने ते बाद होत नाही. उलट ‘अजून बरं दिसते’ म्हणून चालवलेल्या तेलातले औषध केव्हाच संपलेले असू शकते. रंगावर जाऊ नका, तास मोजा.

तासांचा हिशेब

बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुस्तकात 250 तासांनी तेल बदलावे असे दिलेले असते. ज्याचे त्याने आपले पुस्तक पाहावे. हंगामात ट्रॅक्टर रोज 12 तास चालला, तर 250 तास 21 दिवसांत भरतात. 120 दिवसांच्या हंगामाचे 1440 तास होतात. म्हणजे पाच ते सहा वेळा तेल बदलायला पाहिजे. ‘दसऱ्याला पूजा केली तेव्हाच बदललं’ हे उत्तर पुरणार नाही. यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवले, तर तेही तास धरावेत.

दुसरा शत्रू धूळ. वावरातून आणि कच्च्या रस्त्याने जाताना काळ्या मातीची धूळ हवेबरोबर इंजिनात गेली की तेलात मिसळून कानशीसारखी घासते. तेलाच्या एअर क्लीनरची वाटी हंगामात रोज उघडून पाहा. गाळ साचला असेल तर धुऊन नवे तेल खुणेपर्यंत भरा.

काय करावे

1. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून तेलाची कांडी पाहा. तेल वाढलेले व पातळ असेल, डिझेलचा वास येत असेल, तर पंप किंवा नोझल गळते आहे. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. दोन्ही वेळी इंजिन चालवू नका.
2. तेल गरम असताना काढा, म्हणजे गाळ निघतो. फिल्टर त्याच वेळी बदला. काढलेल्या तेलात लोहचुंबक फिरवा. लोखंडाचा चुरा चिकटला तर मिस्त्रीला दाखवा.
3. जुन्या डिझेल इंजिनाला 15डब्ल्यू-40, सीएच-4 किंवा सीआय-4 प्रतीचे तेल साधारणपणे चालते. जुन्या पेट्रोल जीपला नव्या मोटारींचे अगदी पातळ तेल घालू नका. त्यात झीज रोखणारे औषध मुद्दाम कमी ठेवलेले असते. 20डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-50 बरे.
4. गियरबॉक्सचे तेल इंजिनात किंवा इंजिनाचे गियरबॉक्समध्ये घालू नका. सुटे, बिनशिक्क्याचे तेल स्वस्त पडते म्हणून घेऊ नका.
5. पुढच्या झाकणातून खडखड किंवा शिटीसारखा आवाज आला, इंजिन उशिरा धरू लागले, पांढरा धूर येऊ लागला, तर टायमिंग तपासून घ्या. गियर बदलायचाच झाला तर जोडीचे गियर मिळून बदला. झिजलेल्या दात्यांशी नवा दाता नीट बसत नाही. बसवताना खुणेला खूण जुळलीच पाहिजे.

आपल्या वाडवडिलांनी आसाला वंगण दिल्याशिवाय बंडी कधी गावाबाहेर काढली नाही. वंगणाचे नळके बंडीला टांगलेलेच असायचे. ट्रॅक्टरच्या पेटीत तसे नळके नको, पण एक वही जरूर ठेवा. तिच्यात तेल बदलल्याची तारीख आणि तास लिहा, आणि चालवणारा गडी बदलला तर वही त्याच्या हाती द्या. डबाभर तेलाचा खर्च एका दिवसाच्या खोळंब्यापुढे काहीच नाही.