सुटे भाग, एकच माप

बैलबंडीचे चाक कसे बनते, हे सावनेरकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. सुतार तुंबा, आरे आणि पुठे जोडून लाकडी चाक करतो. लोहार त्या चाकाचा घेर मोजतो आणि त्याहून किंचित लहान लोखंडी धाव बनवतो. तापवली की ती फुगून चाकावर बसते, पाणी ओतले की आवळते. धावेचे माप चाकाकडून येते. नटबोल्ट मात्र बाजारातून तयार येतो. त्याचे माप आपल्यासाठी बदलत नाही; भोकच त्याच्या मापाचे पाडावे लागते.

संगणकावर यंत्राचा आराखडा करणाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो : कोणत्या भागाचे माप कोठून घ्यायचे? या कामाच्या प्रणालींना 'कॅड' म्हणतात. आपण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे उदाहरण घेऊ.

पहिली रीत 'खालून वर' जाण्याची. आस, चाके, फाळका, बिजागऱ्या असा प्रत्येक भाग वेगळ्या फाइलमध्ये काढायचा आणि शेवटी पडद्यावर जोडायचा. हे भोक त्या भोकासमोर, ही पट्टी त्या पट्टीला टेकलेली, असे संगणकाला सांगायचे. बेअरिंग, नटबोल्ट अशा तयार मालासाठी ही रीत उत्तम. पण गिऱ्हाईक म्हणाले, ट्रॉली सहा इंच रुंद करा, तर प्रत्येक फाइल उघडून माप बदलावे लागते. एखादा भाग विसरला आणि पत्रा कापून झाला, की नुकसान ठरलेलेच.

दुसरी रीत 'वरून खाली' येण्याची. आधी ट्रॉलीचा नुसता सांगाडा रेखाटायचा : लांबी, रुंदी, उंची, आसाची जागा. मग प्रत्येक भागाने आपले माप या सांगाड्यावरून घ्यायचे. रुंदी एकदा बदलली की फाळका, तळ, आडव्या पट्ट्या आपोआप बदलतात. पथ्य एकच. भागांनी एकमेकांकडून मापे उसनी घेऊ नयेत. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर अशी साखळी झाली, की एक भाग काढताच बाकीचे बिघडतात.

तिसरी रीत अखंड आकार काढून नंतर तो कापण्याची. मिक्सरच्या प्लॅस्टिक खोक्याचे दोन अर्धे असे केले, तर त्यांच्या कडा तंतोतंत जुळतात.

माप एका ठिकाणी नसले की काय होते, याचा धडा एअरबसला मिळाला. ए-३८० या महाकाय विमानात पाचशे किलोमीटरहून अधिक वायर असते. जर्मनीतील हॅम्बुर्गला तयार झालेले वायरचे जुडगे फ्रान्समधील तुलूझला बसवताना आखूड पडू लागले. कॅटिया या एकाच प्रणालीची जुनी आवृत्ती जर्मनीत आणि नवी फ्रान्समध्ये वापरली जात होती, हे त्याचे एक मोठे कारण. २००६ मध्ये हा घोळ जाहीर झाला. पहिले विमान ग्राहकाला मिळाले ते ऑक्टोबर २००७ मध्ये, ठरल्याहून बऱ्याच उशिरा.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग ७८७ विमानाच्या जमिनीखालच्या संमिश्र पदार्थाच्या तुळया तयार झाल्या. विमानाची अंतिम जोडणी मात्र अमेरिकेत होते. हजारो किलोमीटरवर बनलेली तुळई जागेवर बसते, ती दोन्हीकडे एकाच आराखड्याचे माप प्रमाण मानल्यामुळे.

सावनेर किंवा काटोलच्या मुलाला हे शिकायला महागडी प्रणाली लागत नाही. 'फ्रीकॅड' विनामूल्य मिळते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या तिच्या १.० आवृत्तीत भाग जोडण्याची सोय मुळातच आहे. आयटीआय किंवा तंत्रनिकेतनात शिकणाऱ्यांनी बटणे जरूर शिकावीत, पण आधी कागदावर तीन याद्या कराव्यात : कोणते भाग बाजारातून येतील, कोणती मापे सर्वांना समान आहेत, आणि गिऱ्हाईक उद्या कोणते माप बदलायला सांगेल. बदलू शकणारी आणि सामायिक मापे सांगाड्यात ठेवावीत. बटणे प्रणालीगणिक बदलतात. ही सवय कोणत्याही कारखान्यात कामी येते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)