भट्टीचा आवाज काय सांगतो?

अमेरिकेत व कॅनडात चाकांवरची घरे पुष्कळ दिसतात. मोटारीच्या सांगाड्यावरच झोपण्याची जागा, ओटा, न्हाणीघर असे सारे बसवलेले असते. थंडीच्या दिवसांत आतल्या माणसांना ऊब देते ती एक लहानशी भट्टी. ती थोडी घरघरणारच. पण एखाद्या रात्री ती वेगळाच आवाज करू लागली, तर दोष कोठे आहे हे ती न उघडता ओळखता येईल का? पुष्कळसे ओळखता येते. मात्र आवाज कसा आहे, याबरोबरच तो केव्हा येतो हेही टिपायला हवे.

आधी रचना पाहू. धातूच्या बंद पेटीत प्रोपेन वायू जळतो. ज्वलनासाठी हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. खोलीतली हवा या तापलेल्या पेटीच्या बाहेरून वाहत जाऊन गरम होते. बहुतेक भट्ट्यांत बॅटरीवर चालणारी, १२ व्होल्टची एकच मोटर दोन्ही हवांसाठीचे दोन पंखे फिरवते. भट्टी सुरू केली की प्रथम पंखे फिरतात. काही सेकंदांनी वायूची झडप उघडते, ठिणगी पडते आणि ज्योत पेटते.

आता क्रमाने ऐका. ज्योत पेटण्यापूर्वीच आवाज आला, तर दोष मोटरीत किंवा पंख्यात. कर्कश किंचाळी म्हणजे बेअरिंग झिजले असावे. खरखर म्हणजे पंखा सैल होऊन आवरणाला घासत असावा. पात्यांवर एका बाजूला मळ साचला की तोल जातो व सारी भट्टी थरथरते.

पेटताना ‘धडाम’ झाले, तर ते गंभीर समजा. ज्योत उशिरा पेटल्याने साचलेल्या वायूने एकदम पेट घेतला आहे. आपल्याकडील कुंभारीण माशीसारख्या माश्या तिकडेही आहेत. त्यांनी नळीत बांधलेले मातीचे घरही याला कारण ठरते. अशी भट्टी बंद करून जाणकाराला दाखवावी.

जळताना घुमल्यासारखा आवाज आला, तर वायू व हवेचे प्रमाण बिघडले असण्याचा संभव असतो. हवा दाबली जाते त्याच क्षणी तिला ज्योतीची उष्णता मिळाली, तर कंपने वाढत जातात. हे तत्त्व लॉर्ड रॅले यांनी १८७८ साली मांडले.

तापताना व निवताना होणारी ‘टिक टिक’ मात्र बहुधा निरुपद्रवी असते. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. म्हणजे अर्ध्या मीटरचा पत्रा २०० अंशांनी तापला तर १.२ मिलिमीटर वाढेल.

परंतु सर्वांत घातक दोष आवाज करीत नाही. पेटीला तडा गेला किंवा धुराची वाट तुंबली, तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. म्हणून अशा घरात या वायूची सूचना देणारी घंटा हवीच. भट्टी शांत आहे म्हणून निर्धास्त झोपू नये.

‘केव्हा’ची ही कसोटी तुम्ही घरच्या पंख्यावर करून पाहा. बटण बंद करा. गुणगुण तत्क्षणी थांबली, तर तिचे मूळ विजेत आहे. पाती मंदावतात तसा आवाजही मंदावला, तर ते फिरणाऱ्या भागात शोधा.