हुंकार कोण देतो?

भिलाईपासून चौदा किलोमीटरवर गनियारी नावाचं गाव आहे. तिथल्या पारधी कुटुंबातल्या तीजनबाई तेरा वर्षांच्या असताना शेजारच्या चंद्रखुरीत पहिल्यांदा लोकांसमोर पंडवानी, म्हणजे महाभारताची गाऊन सांगितलेली कथा, गायल्या. बायकांनी पंडवानी गायची ती वेदमती शैलीत, बसून, अशी तेव्हाची रीत. तीजनबाई उभ्या राहिल्या. उभं राहून, अभिनयासह गाण्याची कापालिक शैली तोवर पुरुषांची मानली जात होती. त्यांच्या हातातला तंबोरा एका क्षणी भीमाची गदा होतो, दुसऱ्या क्षणी अर्जुनाचा रथ, आणि दुःशासनाचा प्रसंग आला की द्रौपदीचे केस.

नव्या वेब सीरिजमधून पाहण्याजोगी कशी निवडायची, हा प्रश्न मनात आला की मला ही पंडवानी आठवते. कारण हाही प्रसंगाप्रसंगानं पुढे जाणाऱ्या कथेचाच मामला आहे, आणि पंडवानीत गायिकेच्या शेजारी एक विलक्षण माणूस बसलेला असतो: रागी. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, शंका काढतो, नवल करतो. समोरच्या शेकडो श्रोत्यांच्या मनातलं तो एकटा बोलून दाखवतो आणि त्यावर कथा पुढे सरकते.

आता घरातल्या पडद्याकडे पाहा. तिथेही कुणीतरी आपला हुंकार ऐकत असतं. आपण काय लावलं, कुठे थांबवलं, दुसरा भाग त्याच रात्री पाहिला की कधीच नाही, या सगळ्याची नोंद होते. नेटफ्लिक्सच्याच दोन तज्ज्ञांनी 2015 साली लिहिलं होतं की काय पाहावं हे शोधताना प्रेक्षक साठ ते नव्वद सेकंदांत कंटाळतो. तेवढ्यात त्याची नजर दहा-वीस नावांवरून फिरते. तिथे पाहिल्या जाणाऱ्या दर दहा तासांपैकी सुमारे आठ तास यंत्राच्या शिफारशीतून येतात, असंही त्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे आपली निवड बरीचशी आपण रिमोट उचलण्याआधीच झालेली असते.

हे यंत्र चालतं कसं, ते समजून घेताना मी अक्षरशः थक्क झालो. 2006 साली नेटफ्लिक्सनं दहा लाख डॉलरची स्पर्धा लावली: प्रेक्षक कुठल्या सिनेमाला किती तारे देईल याचा आमचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा. स्पर्धकांना मिळालेला तक्ता डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला 4,80,189 प्रेक्षक, दुसऱ्या बाजूला 17,770 सिनेमे. चौकटी साडेआठशे कोटी, त्यातल्या भरलेल्या फक्त दहा कोटी. शंभरातल्या जवळजवळ नव्व्याण्णव रिकाम्या! आणि त्या रिकाम्या चौकटींत काय आलं असतं ते ओळखायचं.

युक्ती अशी. प्रत्येक प्रेक्षकाला काही आकडे द्यायचे, प्रत्येक सिनेमालाही तितकेच. दोन्ही एकमेकांशी गुणून केलेली बेरीज भरलेल्या चौकटींशी जुळेपर्यंत ते आकडे बदलत राहायचे. हा विनोदी, हा गंभीर, असं यंत्राला कुणी सांगत नाही. तरी शेवटी एका आकड्यात विनोदाचं प्रमाण उमटलेलं दिसतं, दुसऱ्यात हाणामारीचं, आणि काही आकड्यांना तर माणसाच्या भाषेत नावच सापडत नाही. निव्वळ ताऱ्यांमधून आवडीनिवडीचा असा नकाशा उभा राहतो. 2009 साली एका संघानं 10.06 टक्के सुधारणा करून बक्षीस जिंकलं. स्पर्धक अडले ते 'नेपोलियन डायनामाइट'सारख्या सिनेमांपाशी. हा 2004 सालचा छोटासा विक्षिप्त विनोदी सिनेमा कुणाला भारी आवडायचा, कुणाला अजिबात नाही, आणि कुणाला काय वाटेल ते आकड्यांना कळत नव्हतं.

पण आपला विषय नव्या सीरिजचा आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. कालच आलेल्या सीरिजची चौकट कुणीच भरलेली नसते. यंत्राजवळ असतात कलाकारांची नावं, प्रकार, भाषा, एखादं चित्र. त्यामुळे जे आधी चाललं त्याच्यासारखं दिसणारं पुढे येतं आणि ज्याच्यासारखं आधी काही नव्हतं ते मागे राहू शकतं. उभ्यानं गाणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी कुठल्या तक्त्यात चौकट असती? तिच्या समाजानं तर पंडवानी गाते म्हणून तिला वाळीत टाकलं. पुढे हबीब तनवीरांसारख्या जाणत्या रंगकर्मीनं तिला ऐकलं. श्याम बेनेगलांनी 1988 च्या 'भारत एक खोज'मध्ये महाभारत सांगताना तीजनबाईंची पंडवानी घेतली. नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात, तुरुंगवासात लिहिलेल्या पुस्तकावरची ही त्रेपन्न भागांची मालिका. ती शोधून पाहाच. मालिका काय करू शकते याचं इतकं चांगलं माप दुसरं मला ठाऊक नाही. 2019 साली तीजनबाईंना पद्मविभूषण मिळालं.

म्हणून नवं काही निवडताना मी यंत्राच्या आधी माणसांना विचारतो. भिलाईत ही सोय उत्तम आहे. 1955 साली सोव्हिएत मदतीनं पोलाद कारखान्याचा करार झाला आणि देशभरातून माणसं आली. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांमध्ये मराठी घराच्या एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला बंगाली किंवा मल्याळी घर असू शकतं. यंत्र आपल्यासारखीच आवड असलेले लोक शोधतं. शेजारी मात्र आपल्यासारखे नसतात, आणि जी गोष्ट आपल्याला कधी सुचलीच नसती ती त्यांच्याकडूनच कळते.

दुसरा आधार पुरस्कारांचा, कारण तिथे कुणीतरी सगळे भाग बसून पाहिलेले असतात. गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात 2023 पासून वेब सीरिजला पुरस्कार देऊ लागले. पहिल्या वर्षी तो 'पंचायत'च्या दुसऱ्या पर्वाला मिळाला. पुढच्या वर्षी मिळाला तो मराठीला: प्रकाश नारायण संतांच्या कथांवरची, निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित 'लंपन'. खून नाही, पाठलाग नाही. आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहायला आलेला एक मुलगा, एवढंच. पहिल्या पानावर हिंदी थरारपट मांडणारं खातं असेल तर ती आपणहून समोर येईलच असं नाही. नाव टाइप करून शोधावी लागते.

आणि तिसरा आधार आपलाच कान. पहिल्या भागावर निर्मात्यांनी सगळा जीव ओतलेला असतो, त्यावरून ठरवू नये. दुसरा भाग लावावा आणि रागी होऊन ऐकावा. शंका काढावीशी वाटते का? या माणसानं असं का केलं, असं मनात येतं का? दोन मिनिटं दिसणाऱ्या दुकानदारालाही स्वतःचं आयुष्य आहे असं वाटतं का? भागाच्या शेवटी ओढ लागते ती नुसत्या बंद दारामुळे नव्हे, दारामागच्या माणसामुळे, असं वाटतं का? उत्तरं होकारार्थी आली तर सीरिज शेवटापर्यंत पाहा, अंगठा वर करा. नव्या सीरिजच्या रिकाम्या रकान्यात सुरुवातीला मोजकेच हुंकार असतात, आणि पुढच्या प्रेक्षकाला ती दाखवायची की नाही हे यंत्र त्यांवरूनच शिकतं.