काचपंखी पतंग: ना भुंगा, ना हमिंगबर्ड

धाराशिव असो, तुळजापूर असो की उमरगा, पावसाळ्यात अंगणातल्या फुलांपुढे एक जाडजूड, हिरवट किडा हवेत जागच्या जागी भिरभिरताना दिसतो. लगेच व्हिडिओ निघतो आणि मजकूर फिरतो: ‘आपल्याकडे हमिंगबर्ड आला!’ हमिंगबर्ड हा फक्त अमेरिका खंडांतला पक्षी. आपल्याकडचा हा पाहुणा म्हणजे सिफोनोडिस हायलस, हॉक मॉथ कुळातला पतंग. पतंग रात्रीचेच निघतात, असे आपण धरून चालतो. हा भर दिवसा उडतो आणि फुलावर न टेकता लांब सोंडेने मध ओढतो. कोणी भुंगा समजून पळतात, पण याला नांगीच नसते.

त्याचे पंख काचेसारखे आरपार दिसतात, तरी जन्मतः ते तसे नसतात. कोषातून निघताना त्यांवर करड्या खवल्यांचा थर असतो. पहिल्या उड्डाणात तो झडतो आणि मग उरतात शिरा नि पारदर्शक पापुद्रा.

सगळ्यात जास्त बदनाम होते ती अळी. अनंताखाली फरशीवर काळ्या लेंड्या दिसल्या की वर फांदीवर बोटभर हिरवी अळी सापडणारच. शेपटाकडे वर वळलेला काटा पाहून ‘विंचवासारखी डसते’ म्हणत चप्पल उगारली जाते. तो काटा नुसता दिखाऊ. त्यात विष नाही, तो टोचतही नाही. अनंत, गेळा, कळंब या एकाच कुळातल्या झाडांची पाने हे तिचे खाणे.

काचपंखी म्हणून इंटरनेटवर ‘क्लिअरविंग’ हा इंग्रजी शब्द शोधला की युरोपातला, गांधीलमाशीचे सोंग घेणारा पतंग समोर येतो. त्याची अळी दोन-तीन वर्षे पॉप्लरचे खोड पोखरते. ते वाचून आपला अनंतही पोखरला जाईल, अशी धास्ती काही जण घेतात. पण ते कुळच वेगळे. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद पडवळाच्या वेलात शिरतो आणि वेलीवर गाठ येते. अनंतावरची अळी खोडाला हात लावत नाही.

पाने कुरतडली तरी झाड पुन्हा फुटते. चार-दोन अळ्यांसाठी फवारणी कशाला? फारच झाल्या तर हाताने उचलून दुसऱ्या अनंतावर सोडा. आणि झाडाखालचा पालापाचोळा उगाच उकरू नका. पूर्ण वाढलेली अळी खाली उतरून तिथेच कोष करते.