गुंगी नर्सच्या हाती, श्वास थेरपिस्टच्या हाती

समजा, अमेरिकेतल्या एका आयसीयूत सकाळचे साडेसात वाजलेत. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला आज स्वतःहून श्वास घेता येतो का, हे बघायचंय. ही चाचणी घेणार रेस्पिरेटरी थेरपिस्ट, पण गुंगीचं औषध सांभाळणार नर्स. नर्सने औषध थांबवलं, पेशंट जागा होऊन तगमगायला लागला, आणि थेरपिस्ट दुसऱ्याच वॉर्डात. बराच वेळ वाट बघून नर्सने औषध पुन्हा सुरू केलं. नऊला थेरपिस्ट आला, तर पेशंट गाढ. चाचणी उद्यावर गेली. म्हणजे व्हेंटिलेटरवर आणखी एक दिवस, न्यूमोनियाचा आणि स्नायू आणखी अशक्त होण्याचा धोका वाढवणारा.

चूक कोणाची? दोघांनी आपापलं काम बरोबरच केलं होतं! चूक मधल्या दीड तासात आहे, आणि तो दीड तास कोणाच्याच जॉब चार्टमध्ये नसतो.

संशोधनातही ही दोन कामं आधी वेगवेगळीच तपासली गेली. 1996 मध्ये इली आणि सहकाऱ्यांनी 300 पेशंटवर रोजच्या श्वास-चाचणीचा फायदा दाखवला. 2000 मध्ये क्रेस यांच्या गटाने 128 पेशंटवर रोज गुंगी थांबवण्याचा. दोन्हींची जोडी 2008 मध्ये 'लॅन्सेट'मधल्या गिरार्ड यांच्या पेपरात आली: चार रुग्णालयं, 336 पेशंट. जोडी वापरलेल्या गटात 28 दिवसांपैकी सरासरी 14.7 दिवस विनाव्हेंटिलेटर गेले, दुसऱ्या गटात 11.6. वर्षभरातले मृत्यूही कमी. (स्वतःच नळी उपसून काढणारे पेशंट मात्र वाढले. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचताना अशी वाक्यं सोडू नका.)

आता जरा थांबा. श्वास-चाचणी दोन्ही गटांत रोज होत होती. मग फायदा कमी औषधाचा, की दोन कामं जुळवल्याचा? या पेपरात संवाद मोजलेलाच नाही. त्यामुळे तो पुढे करून 'संवादाने जीव वाचतात' असं सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं. गाईडने त्याखाली लाल पेनाने एवढंच विचारलं, 'मोजलं कशाने?'

त्या प्रश्नावर सगळ्यांना आधी प्रश्नावली सुचते: 'संवाद कसा आहे, 1 ते 5 गुण द्या.' पण डॉक्टर आणि नर्स यांच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय की एकाच आयसीयूत डॉक्टर सहकार्याला भरपूर गुण देतात आणि नर्स बऱ्याच कमी. मग खरं कोणाचं धरायचं? त्यापेक्षा औषध थांबवल्याची वेळ आणि चाचणी सुरू झाल्याची वेळ, यांतलं अंतर चार्टवरून काढा. रूक्ष वाटेल, पण ते कोणाच्या मतावर अवलंबून नाही. नोंदी नंतर एकदम भरल्या जातात का, एवढं मात्र आधी तपासा.

आणि हो, आपल्याकडे अनेक रुग्णालयांत रेस्पिरेटरी थेरपिस्ट हे पदच नाही. त्यामुळे परदेशी आराखडा उचलण्याआधी एक सकाळ आयसीयूत उभे राहा आणि व्हेंटिलेटरचं सेटिंग खरोखर कोण बदलतं ते बघा. नर्सच्या समोरचा माणूस रेसिडेंट डॉक्टर निघाला, तर तुमचा अभ्यास वेगळ्या जोडीचा आहे.