संगणकाची फायरवॉल आणि वखारीचा रखवालदार

विंडोज 10 या कार्यप्रणालीचे नित्याचे साह्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले; तेव्हा आमच्या निपाणीच्या पेढीवरील संगणकही आम्ही विंडोज 11 वर नेले. दुसऱ्याच सकाळी गल्ल्यावरील दोन्ही संगणकांना मुख्य संगणकावरील खातेवही दिसेना! दारात कोल्हापूरची मालमोटार उभी. माल नाव छापलेल्या 10 किलोच्या पिशव्यांतील डाळीचा, किंमत 50,000 रुपयांवर. ई-वे बिलाविना सीमा ओलांडणे अशक्य. सारे काम एकट्या मुख्य संगणकावर लोटले आणि गाडी तीन तास खोळंबली.

पुतण्या म्हणाला, “काका, फायरवॉलच बंद करू या.” आम्ही म्हणालो, “अरे, नवा रखवालदार आपल्या हमालांस ओळखत नाही, म्हणून वखारीचे दारच काढून ठेवायचे काय?” मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक जखडून खंडणी मागितली. ते संकट फाइल-देवघेवीच्या 445 क्रमांकाच्या दारानेच शिरत होते, हे व्यापाऱ्याने विसरू नये.

मग क्रमाने शोध घेतला. मुख्य संगणकावर खातेवही उघडत होती, म्हणजे हिशेब शाबूत. तिन्ही संगणकांवर इंटरनेट चालत होते, म्हणजे तारही शाबूत. दोष दारातच होता, आणि तो दुहेरी निघाला. पहिला असा की, पेढीचे जाळे ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले होते. अशा वेळी फायरवॉल शेजारच्या संगणकासही परका समजते, आणि केवळ ‘प्रायव्हेट’ जाळ्यासाठी दिलेले परवाने लागू होत नाहीत. सेटिंग्जमध्ये ते ‘प्रायव्हेट’ करताच सामाईक फाइली दिसू लागल्या. परंतु हिशेबाची प्रणाली काही जोडली जाईना.

दुसरा दोष आमच्याच घाईचा. प्रथम विचारणा झाली तेव्हा कोणी तरी ‘कॅन्सल’ दाबले होते, त्यातून मनाईचा नियम तयार झाला. परवानगी आणि मनाई दोन्ही असता मनाईच वरचढ ठरते. म्हणून नवा परवाना देऊनही उपयोग झाला नाही. मनाईचा नियम काढल्यावरच काम सुरळीत झाले.

सभासद बंधूंस आमचे नम्र सांगणे इतकेच : असा बदल बाजार बंद असेल त्या दिवशीच करावा, खातेवहीची प्रत आधी वेगळी काढून ठेवावी आणि चालू नियम कागदावर उतरवून घ्यावेत. रखवालदारास काढू नये. त्यास आपली माणसे ओळखावयास शिकवावे.